शब्दकोड्याशेजारी विणकामाचा एक आलेखही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीच्या कपड्यांविषयी आलेला लेख वाचला. जाकिटे, हुडी आणि थर्मल यांची त्यातली माहिती उपयोगाची होती. हाताने विणलेल्या स्वेटर-टोप्यांची मात्र, आजीच्या ट्रंकेतली जुनी आठवण म्हणून, एका वाक्यात बोळवण झाली. मी अनेक वर्षे शाळेत गणित शिकवले आणि आता निवृत्तीनंतर रंगीत नक्षीच्या टोप्या व स्वेटर विणते. या छंदात डोक्याला किती काम असते हे ठाऊक असल्यामुळे ती बोळवण पटली नाही, म्हणून हे पत्र. शेवटी एक विनंतीही आहे आणि ती मान्य करायला आपल्याला फारशी तोशीस पडणार नाही.

पहिला आक्षेप नेहमीचा असतो, की महाराष्ट्रात थंडी असते कुठे? हा प्रश्न मुंबईत बसून विचारला तर ठीक आहे. निफाड परिसरात दर हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची बातमी आपल्याच अंकात येते आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे छायाचित्रही आपणच छापता. द्राक्षबागेत पहाटे पाण्याची पाळी द्यायला जाणाऱ्या माणसाला कानटोपी लागतेच. शिवाय आज मराठी घरांतली किती तरी मुले-नातवंडे टोरांटो, शिकागो, स्टॉकहोम अशा ठिकाणी राहतात आणि तिथे चार-पाच महिने टोपीवाचून घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. जाड स्वेटर आपल्या हवेत वर्षातून महिनाभरच अंगात राहतो, हे मी मान्य करते. म्हणूनच ज्यांना या छंदाला हात घालायचा आहे त्यांनी स्वेटरने सुरुवात न करता टोपीने करावी, असे मी सांगत असते. टोपीला लोकर साधारण सत्तर-ऐंशी ग्रॅम लागते, ती आठवडा-पंधरा दिवसांच्या फावल्या वेळात पुरी होते आणि रंगीत विणकामातले जवळजवळ सगळे धडे तिच्यात येऊन जातात.

ज्या विणकामाविषयी मी लिहीत आहे त्याचे सर्वांत प्रसिद्ध घराणे स्कॉटलंडच्या उत्तरेला आहे. ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मधोमध फेअर आइल नावाचे जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे बेट आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या टोप्या, मोजे आणि अंगरखे आडव्या रंगीत पट्ट्यांच्या नक्षीत विणत आल्या. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातले एक जहाज या बेटावर फुटले आणि त्यावरच्या खलाशांनी ही नक्षी शिकवली, अशी एक आख्यायिका हौसेने सांगितली जाते. तिला पुरावा नाही आणि तशाच अठकोनी व फुलीच्या आकृत्या नॉर्वेपासून बाल्टिक किनाऱ्यापर्यंत सर्वत्र सापडतात. १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सने फेअर आइलचा स्वेटर घातला आणि कोळी-शेतकऱ्यांचे हे वस्त्र रातोरात शौकिनांचे झाले. (याच राजपुत्राचे आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९२१ मध्ये, मुंबईत आगमन झाले तेव्हा परळला विदेशी कापडाची होळी पेटली होती. वस्त्रांच्या बाबतीत या गृहस्थांचे नशीब गावागणिक बदलत होते, असे दिसते.)

स्वेटर पाहणाऱ्याला त्यात सात-आठ रंग दिसतात आणि तो दबकतो. प्रत्यक्षात एका फेरीत दोनच रंग असतात, एक जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा, आणि एक नक्षीचा. काही फेऱ्यांनंतर जमिनीचा रंग बदलायचा, आणखी काही फेऱ्यांनंतर नक्षीचा बदलायचा, असे आळीपाळीने करत गेले की कोणत्याही क्षणी हातात दोनच धागे असूनही एकूण काम अनेकरंगी होते. दुसरी गोष्ट अशी की हे काम गोलाकार सुईवर किंवा मोज्याच्या चार-पाच सुयांवर फिरत्या फेऱ्यांत करतात. आपल्याकडे बहुतेकींनी दोन सरळ सुयांवर एक सुई सुलट, एक सुई उलट असे शिकलेले असते. त्या पद्धतीत दर दुसरी ओळ मागच्या बाजूने, नक्षी न दिसता विणावी लागते आणि तिथेच रंगांचा गोंधळ होतो. फेरीत विणताना कामाची सुलट बाजू सतत आपल्याकडे असते, सगळे टाके सुलटच विणायचे असतात आणि आलेखातली प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे वाचत जायचे असते. बाकी आलेख म्हणजे चौकटीचा कागद, ज्यात एक चौकोन म्हणजे एक टाका.

आता गणित. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५५ सेंटिमीटर धरू. टोपी घट्ट बसायला हवी, म्हणून ती घेरापेक्षा साधारण एक दशांशाने लहान, म्हणजे ५० सेंटिमीटरची विणायची. मध्यम बारीक लोकर आणि ३.२५ मिलिमीटरची सुई घेऊन आधी हाताएवढा एक नमुना विणायचा व मोजायचा. समजा, १० सेंटिमीटरमध्ये रुंदीला २४ टाके आणि उंचीला २८ फेऱ्या आल्या. म्हणजे ५० सेंटिमीटरला १२० टाके. या आकड्यावर माझा विशेष लोभ आहे, कारण त्याला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १५, २० आणि २४ या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. त्यामुळे चार टाक्यांचा छोटा ठिपका, सहा टाक्यांची नागमोडी, बारा टाक्यांची फुली आणि चोवीस टाक्यांचे मोठे फूल, यांपैकी काहीही घेतले तरी फेरीच्या शेवटी नक्षी अर्धवट तुटत नाही. एखाद्या शिकणाऱ्या मुलाचा नमुना १० सेंटिमीटरला २५ टाक्यांचा आला आणि म्हणून त्याने १२५ टाके घातले, तर त्याच्या आवडीचे चोवीस टाक्यांचे फूल बसणार नाही. त्याने एकतर १२० टाके घालून टोपी थोडी घट्ट करायची किंवा पंचवीस टाक्यांची नक्षी स्वत: आखायची. विभाज्यतेच्या कसोट्या कशाला शिकायच्या, असे विचारणाऱ्या सातवीतल्या मुलाला याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

माथ्याकडचा भाग त्याहून गमतीचा आहे. काठाची एक सुलट एक उलट अशी चार सेंटिमीटरची पट्टी एक नंबर बारीक सुईवर झाली, मधली चोवीस फेऱ्यांची नक्षी झाली, की १२० टाक्यांचे पंधरा-पंधराचे आठ भाग करायचे. एक फेरी साधी विणायची आणि पुढच्या फेरीत प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणून एक टाका कमी करायचा. म्हणजे दर दोन फेऱ्यांना आठ टाके कमी होतात. अशा चौदा घटत्या फेऱ्या झाल्या की सुईवर आठच टाके उरतात. त्यांतून धागा ओवून तो ओढून आत गाठ मारली की टोपी मिटते. हे टाके प्रत्येक भागात एकाच जागी कमी केले तर माथ्यावर आठ रेषा उमटतात आणि त्यांच्यामधली नक्षी निमुळती होत मध्याशी मिळते. वरून पाहिले तर रांगोळीतले अष्टदल कमळ दिसते आणि ते आपोआप, केवळ भागाकारातून आलेले असते.

हाताच्या कौशल्याचा खरा कस मागच्या बाजूला लागतो. जो रंग त्या वेळी टाक्यात येत नाही तो पाठीमागून सरळ ओढत न्यावा लागतो. हा मागचा धागा आखडला तर पुढची नक्षी सुरकुतते आणि टोपी डोक्यात शिरत नाही, तर फार सैल सोडला तर टाके लोंबतात. ज्यांचा हात मुळात घट्ट आहे त्यांनी उजव्या सुईवरचे टाके दर थोड्या वेळाने बोटांनी पसरून घ्यावेत, मग धागा ओढावा. पाच टाक्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर मध्येच एकदा तो दुसऱ्या धाग्याखाली अडकवून घ्यावा. दोन्ही धाग्यांचे स्थानही ठरलेले असावे. नक्षीचा रंग नेहमी खालून आणि जमिनीचा वरून आणला, तर नक्षीचे टाके किंचित मोठे पडतात आणि ती उठून दिसते. मध्येच हा क्रम बदलला, तर त्या फेरीपासून नक्षी फिकी पडल्यासारखी वाटते आणि पाहणाऱ्याला कारण कळत नाही. अशा दुहेरी धाग्यामुळे कापड जवळजवळ दुप्पट जाड व उबदार होते. तान्ह्या बाळाच्या हातमोज्यांना मात्र ही पद्धत वापरू नये, कारण आतल्या मोकळ्या धाग्यांत इवलीशी बोटे अडकतात. बाळासाठी साधे, एकरंगी, धुता येईल असे मऊ विणकामच योग्य.

रंग निवडताना होणारी फसगत टाळायला हल्ली एक सोपा उपाय हाताशी आहे. निवडलेले लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि ते कृष्णधवल करून पाहावे. दुकानात एकमेकांशेजारी खुलून दिसणारे लाल आणि हिरवे रंग तिथे बहुधा एकाच करड्या छटेचे निघतात, म्हणजे त्यांची नक्षी चार हातांवरून दिसणारच नाही. जमीन आणि नक्षी यांच्यात गडद-फिकट असा फरक हवा, मग रंग कोणतेही असोत. हे कळल्यावर उरलेल्या लोकरीच्या तुकड्यांतूनही देखण्या टोप्या होतात, आणि घरात विणणारे माणूस असले की तुकड्यांना तोटा नसतो.

स्वेटरविषयी थोडक्यात लिहिते, कारण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. शेटलंडच्या बायका स्वेटर खालपासून खांद्यापर्यंत नळीसारखा सलग विणतात. मुंढ्याच्या आणि पुढच्या उघडणीच्या जागी सात-आठ जादा टाके घालून ठेवतात आणि सगळे विणून झाल्यावर त्या जादा टाक्यांच्या मधोमध चक्क कात्री चालवतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण टाके उसवत नाहीत. शेटलंड मेंढीच्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत गुंततात आणि कापलेली कड धरून ठेवतात. आपल्याकडे हा प्रयोग करायचा असेल तर कापण्याआधी दोन्ही बाजूंनी शिवणयंत्रावर बारीक टीप मारून घ्यावी, कारण आपल्या हातातला धागा बहुतेक वेळा लोकर नसतोच.

बाजारपेठांत लोकर म्हणून मिळणारा रंगीबेरंगी गुंडा बहुधा ॲक्रिलिकचा असतो, म्हणजे कृत्रिम धाग्याचा, आणि तो मोठ्या प्रमाणावर लुधियानाकडून येतो. त्याच्याविषयी माझे काही वाकडे नाही. तो स्वस्त आहे, त्याला कसर लागत नाही, तो यंत्रात धुता येतो आणि शिकाऊ हातांसाठी तोच बरा. पण तो लोकर या नावाने विकला जाऊ नये आणि घेणाऱ्याला फरक कळावा. खरी लोकर ओली करून आकारात पसरून वाळवली की टाके आपापल्या जागी बसतात व नक्षी सफाईदार होते. ॲक्रिलिकवर नुसत्या पाण्याचा असा परिणाम होत नाही आणि गरम इस्त्री टेकली तर ते कायमचे चपटे व लुळे पडते. शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवून पाहावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरता येते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. शेकोटीजवळ बसणाऱ्यांसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण वितळलेले ॲक्रिलिक कातडीला चिकटते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर अस्सल आहे, तिच्या घोंगड्या उत्तम होतात, पण ती राठ असल्यामुळे कपाळाला टोचते. टोपीच्या आत सुती अस्तर लावून ती वापरून पाहायला हरकत नाही, असे मला वाटते.

या कलेचा आणि आपला संबंध परकाच राहिला आहे, असेही नाही. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात बायका चमकदार रंगांच्या नक्षीचे मोजे आणि हातमोजे विणतात. एकोणिसाव्या शतकात केलाँग येथे राहिलेल्या मोरावियन मिशनऱ्यांनी, विशेषत: मारिया हायडे या बाईंनी, तिथे सुयांवरचे विणकाम शिकवले. पुढे लाहौली बायकांनी त्यात स्वत:च्या आकृत्या आणि रंग भरले आणि २०२१ मध्ये त्या मोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मनालीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी ते मोजे घासाघीस करून घेण्याआधी एकदा उलटे करून मागचे धागे पाहावेत, म्हणजे किंमत रास्त आहे की नाही ते कळेल. खुद्द महाराष्ट्रातही १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी घरोघरी जवानांसाठी स्वेटर, मोजे विणले गेले. ज्या पिढीने ते विणले तिला नमुना तोंडपाठ असे, काखेचा घाट बोटांना माहीत असे, म्हणून कागदावर काही उतरले नाही. माझ्या मते हा छंद मागे पडण्याचे मोठे कारण हेच आहे. थंडी कमी असणे किंवा तरुणांना वेळ नसणे ही कारणे त्यानंतरची. आज शिकू पाहणाऱ्या मुलीला परदेशी पद्धतीच्या सूचना भरपूर मिळतात, पण मराठीत नीट मोजमापांसह लिहिलेला, आलेख असलेला रंगीत नमुना शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही.

जे जुने छापील नमुने घरोघरी वह्यांत चिकटवलेले आढळतात, त्यांतही एक खोच आहे. त्यात ८ नंबरच्या किंवा १० नंबरच्या सुया घ्याव्यात असे लिहिलेले असते. हे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, ज्यात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. त्यानुसार ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीत नेमके उलट असते. तिथे ८ नंबर ५ मिलिमीटरचा आणि १० नंबर ६ मिलिमीटरचा. आजीच्या वहीतला नमुना आणि न्यू जर्सीहून आलेल्या सुया यांची गाठ पडली की स्वेटर नातवाऐवजी त्याच्या वडिलांना बसतो, आणि दोष विणणारीच्या हाताला दिला जातो.

तेव्हा विनंती अशी. रविवारच्या पुरवणीत शब्दकोडे आणि सुडोकू यांना जागा असते. त्याच चौकटीच्या कागदावर, नोव्हेंबर ते जानेवारी एवढ्यापुरता का होईना, आठवड्याला एक रंगीत विणकामाचा आलेख छापावा. बारा टाके रुंद आणि पंधरा फेऱ्या उंच असा आलेख सुडोकूपेक्षा फार जागा घेणार नाही. सोबत चार ओळींत सुईची जाडी मिलिमीटरमध्ये, १० सेंटिमीटरमधले टाके व फेऱ्या, एकूण लोकर ग्रॅममध्ये आणि नक्षी किती टाक्यांनी पुन्हा येते, एवढे दिले तरी पुरे. साधा ठिपका, मग फुली, मग पैठणीच्या काठावरून घेतलेली नारळी किंवा आसावली, अशा क्रमाने गेलात तर संक्रांतीपर्यंत वाचकांच्या हाती स्वत: विणलेली टोपी असेल. आलेख तयार करण्याचे काम मी आणि माझ्यासोबत विणणाऱ्या दोघीजणी विनामोबदला करू. कंगवा हाताला बसलेली मुलगी जशी कोणतीही वेणी घालते तसे, एकदा आलेख वाचता आला की पुढचे नमुने वाचक स्वत: आखतील आणि ते छापायला आपल्याकडे पाठवतीलही.

नमुन्यादाखल नारळीच्या नक्षीचा एक आलेख या पत्रासोबत जोडत आहे. छापताना एक काळजी घ्यावी. टाका उंचीपेक्षा थोडा रुंद असतो, म्हणून समान चौकोनांवर काढलेली नक्षी विणल्यावर बुटकी दिसते. सोबतच्या आलेखातले चौकोन मी मुद्दामच आडवे, २८ रुंदीला २४ उंची या प्रमाणात आखले आहेत. आपल्या कलाविभागाने पानाच्या रकान्यात बसवण्यासाठी ते चौरस करू नयेत. दोनच रंगांत छपाई होणार असेल तर नक्षीचे चौकोन काळे भरावेत आणि जमिनीचे कोरे सोडावेत.

कळावे,
आपली,
एक विणकामप्रेमी वाचक, नाशिक